चार बोटं माया

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी वरच्या मजल्यावरून कागद येतो.
यंदाचा हंगाम: चार ऑपेरा.
खाली संचालकबाईंची सही, शिक्का, शिक्क्यावर कॉफीचा डाग.
हा कागद वाचताना लोकांना सूर ऐकू येत असतील.
मला मीटर दिसतात.

ऑक्टोबर. 'नावाड्याच्या तीन मुली'.
म्हणजे तीन झगे, एकाच निळ्या ताग्यातले,
पण थोरलीचा विटलेला हवा.
तो जुलैपासून गच्चीवर वाळत घातलाय.
डॅन्यूबवरचं ऊन फुकट मिळतं
आणि रंगाऱ्यासारखं सबबी सांगत नाही.

डिसेंबर. मुलांसाठी 'हिवाळ्यातले लांडगे'.
सोळा शेपट्या. मागच्या खेपेला नऊ परत आल्या.
बाकीच्या सात या रुसे शहरात
कुणाकुणाच्या उशाशी झोपत असतील.
मी चौकशी केली नाही.

फेब्रुवारी. 'नंतर जाहीर होईल'.
हे नाव मी एकोणीस वर्षं वाचतेय.
पैसे आले तर राजवाडा,
नाही आले तर पियानो आणि दोन खुर्च्या.
त्यासाठी माझ्याकडे राखाडी कोट आहेत, बावीस,
कुठल्याही गोष्टीत खपतात:
कैदी, वेटर, मयताला आलेले, क्रांती करणारे.
कोरसही आता बावीसच उरलाय.
चाळीस होते. काही पूल ओलांडून पलीकडे जुर्जूला गेले,
काही जर्मनीत म्हाताऱ्यांना भरवतात,
एक जण ट्रक चालवतो, म्हणे फक्त बोगद्यात गातो.
उरलेले डावीकडून शिपाई होऊन जातात
आणि उजवीकडून साधू होऊन येतात.
मध्ये चाळीस सेकंद,
आणि काळोखात मी, ओठांत टाचण्या धरून.
बटणं केव्हाच काढून टाकली. वेल्क्रो लावलं.
त्याचा चर्र आवाज झाकायला
झांजवाल्या देच्कोला दर प्रयोगाला एक सफरचंद द्यावं लागतं.

एप्रिल. 'पुलाखालचा राजा'.
राजा: अस्पारूह.

काल माप द्यायला आला,
मधल्या जिन्यावर दोनदा बसून.
अंगरखा जुनाच. अस्तरावर नावांची पट्टी:
निकिफोर, खोडलेलं. ल्यूबेन, खोडलेलं. मग हा.
मागच्या एप्रिलात कंबर एकशे अठरा.
मी टेप पुन्हा फिरवली.
टेप खोटं बोलत नाही, एवढाच तिचा दुर्गुण.
'किती?'
'एकशे चार.'
'मागचाच आकडा लिही,' म्हणाला,
'वहीला काय कळतंय.'
मग खिडकीतून नदीकडे बघत
त्याने आपला सगळ्यात खालचा सूर लावून पाहिला,
गायला असं नाही,
दाराला कडी आहे का हे ढकलून बघावं तसा.
टेबलावरच्या बशीत टाचण्या थरथरल्या.
तेवढ्यावर आम्ही दोघांनी भागवलं.

रात्री अंगरखा आत घ्यायला बसले.
जादा कापड कापून टाकावं, असं मला शिकवणारी
विख्रा म्हणायची,
जाड शिवण दिव्यांत दिसते, राजा गोणपाटासारखा दिसतो.
दिसू दे.
मी कात्री लावली नाही.
दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया ठेवली,
दुमडून, कच्च्या टाक्यांनी,
एक दोरा ओढला की उसवेल
आणि माणूस पुन्हा मावेल.
वहीत त्याचंच ऐकलं, एकशे अठरा.
पेन्सिलीने.

कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, दरवर्षीचंच वाक्य:
कार्यक्रमात बदल होऊ शकतो.
सकाळी तो भिंतीला टोचायला गेले
तर एक टाचणी सापडेना.
सगळ्या राजाच्या अंगात होत्या.